काठीएवढी सावली

देवपुरातल्या घराच्या माडीवर बसून कुंदननं हिमालयावर सूर्य टांगला, आणि तो चुकीच्या जागी टांगला अशी बोंब खेळाडूंनी ठोकली. कुंदन पुण्याच्या एका गेम कंपनीचं काम धुळ्यात बसून करायचा. गेम फौजी लढाईचा होता. त्यातल्या नकाशांवर ऊन आणि सावल्या पाडणं हे कुंदनचं खातं. सीमेवरची चौकी, डिसेंबर महिना, भर दुपार असा नवा नकाशा बाहेर पडला आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. एवढ्या उत्तरेला, ऐन थंडीत, सूर्य इतका वर येतोच कसा? सावल्या इतक्या आखूड कशा?

खरं सांगायचं तर कुंदननं कसलंही गणित केलं नव्हतं. दुपारी जेवायला उठताना तो गच्चीवरचं ऊन बघायचा आणि तस्सं पडद्यावर पाडायचा. खानदेशातल्या माणसाला ऊन काय कोणी शिकवायचं, हा त्याचा तोरा. जन्मभर डोक्यावर सूर्य घेऊन वावरलेला माणूस सूर्याच्याच बाबतीत चुकेल, हे त्याच्या बापजन्मात पटणार नव्हतं.

"कुंदन, सूर्य खाली घे," टीमची प्रमुख ऋतिका मीटिंगमध्ये म्हणाली.

"नाही घेणार. माझा सख्खा भाऊ त्याच भागात फौजेत आहे. त्याच्याकडून फोटो मागवतो, मग बोलू."

हा सख्खा भाऊ म्हणजे थोरला नवल. दोन वर्षांपूर्वी भरती झाला तेव्हा त्यांच्या वडिलांनी, आबांनी, फाटकावर पाटी लावली होती, 'फौजी नवल लोटन पाटील'. गल्लीतले लोक पत्ता सांगताना आता 'फौजीच्या घरापासून डावीकडे' असंच सांगायचे. माघात त्याचं लग्न होतं, जामनेरच्या ज्योतीशी. तिच्यासाठी बँकेतला मुलगा चालून आला होता, पण तिचे वडील कौतिकअप्पा म्हणाले, बँकवाले पैशाला पासरी मिळतात, मला जावई फौजीच पाहिजे. आणि ज्योतीही फोटो बघून लाजली होती.

कुंदननं फोन लावला आणि घरच्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, एक काम कर. दुपारले उन्हात काठी उभी कर नि सावलीना फोटो धाड."

"फोटोनी परवानगी नही रे," नवल म्हणाला.

"चौकी नको, डोंगर नको. निसती जमीन नि काठी. त्याम्हा कसानं गुपित?"

नवलनं क्षणभर विचार केला असावा. जमीन तर सगळीकडे सारखीच. "धाडी देस," तो म्हणाला. "आठे आजून बर्फ पडना नही, पन थंडी भलती शे."

फोटो आला. सुकी जमीन, ताठ उभी काठी आणि काठीएवढीच सावली. अगदी कुंदनच्या नकाशातल्यासारखी! कुंदन खुर्चीतून उडालाच. फोटो त्यानं सगळ्या टीमला पाठवला आणि वर लिहिलं, 'घ्या, फौजीच्या हातची सावली.' मग खाली जाऊन आईला मिठी मारली. मंदाबाईंना काही कळलं नाही, पण नवलचं नाव ऐकून त्यांनी देवापुढं साखर ठेवली.

ऋतिकाचा फोन आला तेव्हा साखर अजून कुंदनच्या तोंडात होती.

"हे मी सगळ्यांसमोर बोलत नाहीये," ती जपून बोलत होती. "डिसेंबरात तिथं भर दुपारीसुद्धा सावली काठीच्या दीडपट पडते. त्याहून आखूड होऊच शकत नाही. काठीएवढी सावली पडते ती तुमच्या धुळ्याकडे. तुझा भाऊ सुटीवर आलाय का?"

कुंदनचा पारा चढला. एसीत बसून सूर्य शिकवणारे हे लोक! तो तरातरा गच्चीवर गेला, कपडे वाळत घालायची काठी कुंडीत रोवली आणि सावलीच्या टोकाला खडूची रेघ मारली. मग काठी उपसून सावलीच्या जागेवर आडवी ठेवली. टोक रेघेला भिडलं. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. कुंदन तिथंच रेघेजवळ उकिडवा बसला.

"काय करी ऱ्हायना रे?" मंदाबाईंनी जिन्यातून विचारलं.

"काही नही, माय."

बदली झाली असेल. हो, बदलीच! मनाला तेवढीच फट सापडली आणि त्यानं नवलला फोन लावला.

"भाऊ, तुन्ही बदली व्हयनी का?"

"नही रे. आठेच शे, वर. देशना शेवटला कोपरा!" नवल हसला. त्याच्यामागं कुठंतरी रिक्षाचा हॉर्न वाजला, मग आणखी एक. कुंदननं फोन ठेवला.

एकेक गोष्ट आता आठवायला लागली. शपथेच्या परेडला आबा नवे कपडे शिवून तयार होते, तेव्हा नवलनं ऐनवेळी कळवलं होतं की यंदा पाहुण्यांना बंदी आहे. सुटीवर आला की तो बर्फाच्या गोष्टी रंगवून सांगायचा, पण त्याचा एकही सोबती कधी घरी आला नाही. सावलीनं एवढंच सांगितलं होतं की तो कुठं नाही. कुठं आहे, हे कुंदनच्या मनानं सांगितलं. धुळ्यातून सरळ पश्चिमेला गेलं की सुरत लागतं, सावली तिथंही एवढीच, आणि इकडची निम्मी पोरं तिथं कुठल्या ना कुठल्या गेटवर काठी घेऊन उभी असतात. काठी! फौजीकडे काठी कुठून आली, हे त्याला तेव्हा सुचलंच नव्हतं. सख्ख्या भावानं आईच्या डोळ्यांत दोन वर्षं धूळ फेकली होती.

नेमकं दुसऱ्याच दिवशी मंदाबाईंनी त्याला लग्नाच्या साड्या घेऊन जामनेरला पिटाळलं. "ज्योतीले दखाडी ये. तिले रंग आवडना का, इचारजो."

बसमध्ये त्यानं ठरवलं की सांगून टाकायचं. जळगाव आलं तेव्हा ठरवलं की आपण कोण सांगणारे? आबांची पाटी, आईची साखर, सगळं एका वाक्यानं मातीत जाईल. जामनेरच्या स्टँडवर उतरला तेव्हा गप्प राहायचं हे पक्कं झालं होतं.

ज्योतीनं साड्यांकडे पाहिलंही नाही. आधी मोबाइल पुढं केला. "भाऊजी, हे बघा! माझ्या मैत्रिणींना त्यांचे होणारे नवरे गुलाबाचे फोटो पाठवतात. यांनी काय पाठवलं असेल?"

पडद्यावर तीच जमीन होती, तीच काठी, तीच सावली. खाली नवलनं लिहिलं होतं, 'सीमेवरच्या उन्हात, तुझ्या आठवणीत.'

"रोज सकाळी उठल्यावर आधी हाच फोटो बघते," ज्योती म्हणाली.

कुंदनला ते सहन झालं नाही. "वहिनी, घरात काठी आहे का?"

अंगणातल्या भर दुपारच्या उन्हात त्यानं काठी उभी धरली आणि सावली तिला मोजायला लावली. ज्योती हसत हसत वाकली. "अय्या, इथंही काठीएवढीच!"

"तिथं तेवढी पडत नाही, वहिनी. आत्ताच्या दिवसांत तिथं दीडपट पडते. हा फोटो तिथला नाही. भाऊ तिथं नाही. मला वाटतं तो फौजेतही नाही."

ज्योतीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानंच काही चोरलंय. मग तिनं काठी त्याच्या हातातून काढून घेतली आणि नवलला फोन लावला. स्पीकर चालू केला.

"अहो, उन्हात आहात का?"

"ड्युटीवरच आहे. का गं?"

"काठी आहे जवळ? उभी करून सांगा ना, सावली केवढी पडते."

"हे काय नवीन खूळ? कुंदननं शिकवलं वाटतं," नवल लाडानं म्हणाला. "थांब हं... पडली. काठीएवढीच आहे."

"नीट बघा." ज्योतीनं काठी घट्ट धरली. "दीडपट नाही ना? थोडी तरी मोठी असेल."

कुंदन मनातल्या मनात विनवत होता. म्हण, भाऊ. मोठी आहे म्हण.

"नाही गं, देवाशपथ काठीएवढीच. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

"माझ्या अंगणातही तेवढीच आहे," ज्योती म्हणाली.

नवल खळखळून हसला. "असणारच ना! तू तिथं, मी इथं, पण सूर्य तर आपला एकच आहे."

तिनं फोन बंद केला. काठी मात्र सोडली नाही. तेवढ्यात फाटक वाजलं आणि कौतिकअप्पा छापखान्यातून आणलेली लग्नपत्रिका नाचवत आत आले.

"कुंदनराव, वाचा तुम्हीच! जावईबापूंच्या नावापुढं 'फौजी' सोनेरी अक्षरांत घातलंय. सगळ्या जामनेरात अशी पत्रिका नसेल."

कुंदनच्यानं मान वर करवेना. ज्योतीनं ती पत्रिका वडिलांच्या हातातून अलगद काढून घेतली.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही आधी खाली बसा."