हिरवे ठिपके आणि कोरडा ट्रे

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना इन्क्युबेटर आहे. पेशींना सदतीस अंशांच्या उबेत ठेवणारे कपाट म्हणा हवे तर. तेरा वर्षे राबतो आहे. समोरच्या टेबलावर नवा सूक्ष्मदर्शक आला तेव्हापासून मी त्याच्यावर जळतो. कितीही जळलो तरी तापमान सदतीसच ठेवतो, ही माझी शिस्त.

पेशीत निरोप नेणारी प्रथिने असतात. बाहेरचा निरोप ती केंद्रकात पोचवतात, मग तिथली जनुके कामाला लागतात. बाळ पोटात वाढताना हा निरोप वेळेवर येतो आणि वेळेवर थांबतो, म्हणून बोट बोटाएवढेच होते. कर्करोगात तो थांबतच नाही. पेशी वाढत सुटतात. त्याला थांबवणारे औषध आमच्या संशोधक ताई शोधत होत्या. त्यांच्या पेशी वाढवल्या मी. पण सूक्ष्मदर्शकाखाली निरोप घेऊन केंद्रकात पोचलेले प्रथिन हिरव्या ठिपक्यासारखे चमकले, की सगळे गोडवे त्याचे. माझ्या पोटात दुखायचे.

पूर्वी ताई दर सोमवारी माझ्या तळाचा ट्रे पाण्याने भरायच्या, कारण हवा कोरडी झाली की पेशी सुकतात. सूक्ष्मदर्शक आला आणि त्या विसरल्या. पाणी संपल्याचा माझा बझरही 'चित्र बघताना कटकट नको' म्हणून बंद केला. औषध घातलेल्या पेशींच्या डिशा मागे, माझ्या पंख्याजवळ होत्या, बिनऔषधाच्या पुढे. त्याच आधी सुकल्या.

त्यांतले हिरवे ठिपके विझलेले दिसले. "औषध लागू पडलं, सर," ताई म्हणाल्या. मोठ्या सरांनी सूक्ष्मदर्शकावर कौतुकाने हात फिरवला. खरे सांगतो, मला आनंदच झाला. ताई आणि तो सूक्ष्मदर्शक, पडू देत दोघेही तोंडघशी, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी सफाईला आलेल्या मावशींनी माझा ट्रे बाहेर ओढला. "ताई, हा तर खडखडीत कोरडा. पाणी कधी घातलं होतं?"

ताईंनी कोरड्या ट्रेवरून बोट फिरवले. मग त्या सरांकडे गेल्या. "औषध लागू पडल्याचं कुणाला कळवू नका, सर. पेशी औषधानं नाही, तहानेनं मेल्यात. चूक माझी आहे."

ट्रे भरून प्रयोग पुन्हा झाला. औषधाच्या डिशांतही ठिपके चमकतच राहिले. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली. खोटी आशा रुग्णांपर्यंत गेली नाही, एवढेच. ताई माझ्या दाराला टेकून रडल्या, तेव्हा मला माझ्या आनंदाची लाज वाटली.

मित्रांनो, मुकाट राबणाऱ्याकडे अधूनमधून बघत जा. कौतुक मलाही हवेच आहे, खोटे कशाला बोलू? पण आधी पाणी.