सतरा नंबरच्या घरट्यातली कुजबुज

"बाबा, आता काही बोलू नका," लेकीनं बजावलं आणि हेडफोन कानांवर दाबला.

मिस्त्री गप्प बसले. चाळीस वर्षं पंप दुरुस्त करण्यात गेल्यावर गप्प बसणं त्यांना जड नव्हतं. जड जात होतं ते न विचारणं. लेकीचा डबा द्यायला ते किनाऱ्यावरच्या या कासव-केंद्राच्या कुंपणात आले, त्याला दोन तास होऊन गेले होते.

सतरा नंबरच्या घरट्यातली कासवाची पिल्लं वेळेत बाहेर आली नव्हती. चार वाजता केंद्राचे साहेब घरटं उकरणार होते. पिल्लं अर्धवट असली तर त्यात मरायची. वाळूत पुरलेल्या माइकवर त्यांचा आवाज आला, तरच मुदत मिळणार होती.

"अंड्यात बसून बोलतात तरी काय?" मिस्त्रींना राहवलं नाही.

"कुणास ठाऊक. एकमेकांना उठवत असावीत. एकट्याला एवढी वाळू कशी उपसणार? सगळी मिळून निघतात."

"तुझ्या आईसारखंच. निघायच्या आधी तासभर सगळ्यांना हाका."

लेक हसली नाही. "नुसती घरघर येतेय."

मिस्त्रींनी हेडफोन मागून घेतला. घरघर स्पष्ट होती, शिवाय ओळखीची. "ही वाळूतली नाही. बेअरिंग गेलंय कशाचं तरी. तुमच्या टाकीचा पंप कुठाय?"

पंप शेडमागे होता. तो बंद करून ते परतले, तेव्हा लेक दोन्ही हातांनी हेडफोन धरून बसली होती. डोळे भरले होते.

"आहेत, बाबा. बोलताहेत."

तिनं साहेबांना रेकॉर्डिंग पाठवलं. दोन दिवस मिळाले. मग तिनं हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. "ऐका."

मिस्त्रींनी श्वास रोखला. काहीच नाही. बारीक आवाज त्यांच्या कानांतून कधीच गेले होते. आधी चिमण्या, मग दाराची बेल. घरी त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. 'छान' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. न ऐकता पंप ठीक आहे, असं त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला नाही येत ऐकू," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

लेक जवळ सरकली. मग तिनं हेडफोन स्वतःच्या कानांवर घातला, त्यांचा ग्रीस मुरलेला तळहात मांडीवर ओढून घेतला आणि आवाज येईल तसं त्यावर बोट टेकवलं. दोनदा. थांबून एकदा. मग भराभर चार-पाचदा.

"ही वेगवेगळी पिल्लं आहेत?"

"वाटतं तरी तसं."

"ते पहिलं पुन्हा बोललं का?"

"नाही अजून," लेक म्हणाली आणि बोट उचलून थांबली. मिस्त्रींनी तळहात तसाच उघडा ठेवला.