मास्तरांचा पाऊण तास

"मास्तर, पाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय सैल सोडा."

मास्तरांनी पाय सैल सोडला. यंत्र पुन्हा घरघरलं आणि मास्तरांचा उजवा पाय खुर्चीवर पुन्हा गच्च दाबला गेला. तोंडात आरसा, लाळ ओढणारी नळी आणि बाईंची दोन बोटं एवढा ऐवज असल्यामुळे त्यांना उत्तर देता येत नव्हतं.

"इथला ब्रेक माझ्या पायाखाली आहे," बाई मास्कमागून हसल्या. "तुम्ही कितीही दाबा, थांबणार नाही."

मास्तर गेली एकोणतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. शहरातले निम्मे ड्रायव्हर त्यांनीच रस्त्यावर सोडले होते. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक होता, आणि शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर तो ब्रेक दाबत. डॉक्टरीणबाईही त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. रिव्हर्समध्ये दोनदा नापास झाल्या तेव्हा मास्तरांनी त्यांना भर मैदानात असं काही झापलं होतं, की बाईंना शिकवणी सोडून द्यावीशी वाटली होती. आज हिशेब चुकता होतोय असं मास्तरांना वाटत होतं, पण बाईंचा पायाखालचा ताबा मात्र उत्तम होता. यंत्र अगदी हळू सुरू व्हायचं आणि हळूच थांबायचं. हे आपणच शिकवलं, या विचाराने त्या अवस्थेतही ते सुखावले.

त्यांची खालची अक्कलदाढ हिरडीच्या आत आडवी पडली होती. एक्स-रे पाहून मास्तरच म्हणाले होते, "ही तर दुसऱ्याच्या गेटसमोर लावलेली गाडी आहे." सहा वर्षं ती शेजारच्या दाढेला ढुशा देत होती. दर दोन-तीन महिन्यांनी गाल सुजायचा, जबडा दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचा नाही. मग लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या आणि रात्रभर येरझाऱ्या. पण एवढं होऊनही मास्तरांच्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही. जबडा उघडत नसला तर ते दातावर दात ठेवून बोलायचे. गाडीत "आरसा बघ, क्लच दाब, घाई नको" आणि घरात "कुकर उतरव, पंखा बंद कर, दाराला कडी लाव." त्यांच्या बायकोने फार वर्षांपूर्वीच हात टेकले होते.

आज भूल चढेपर्यंतसुद्धा ते बोलतच होते. "एक तारखेपासून शाळा हिच्या ताब्यात," दाराजवळ स्टुलावर बसलेल्या लेकीकडे बोट दाखवत त्यांनी बाईंना सांगितलं. "तेवीस वर्षांची आहे, पण ट्रकचंसुद्धा लायसन्स आहे. मी आता नुसती खुर्ची टाकून बसणार. बाप-लेकीची शाळा. बोर्ड रंगवायला टाकलाय."

लेक खाली फरशीकडे बघत होती. पोरगी लाजली, असं मास्तरांना वाटलं.

दाढेचे दोन तुकडे करावे लागले. ते ट्रेमध्ये टणकन पडले, तीन टाके पडले आणि बाईंनी कापसाचा जाड बोळा मास्तरांच्या दाढेखाली दिला. "हा पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, आणि मास्तर, बोलायचं नाही. एक शब्दही नाही. बोललात की टाक्यांतून रक्त सुरू."

"पाऊण तास म्हणजे नक्की पाऊण तास ना?" लेकीने विचारलं.

"तासभर ठेवला तरी चालेल," बाई म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. लेकीने घड्याळ बघितलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

गाडी लेकीने काढली. मास्तर शेजारी, आपल्या नेहमीच्या जागेवर बसले. ओठाचा अर्धा भाग दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाटत होता. पहिल्या वळणावर त्यांनी सवयीने तोंड उघडायला घेतलं, बोळा हलला, आणि त्यांनी ते मुकाट्याने मिटलं.

"बाबा," लेक रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. बारा दिवस सांगायचा प्रयत्न करतेय. मी 'बाबा' म्हटलं की तुम्ही म्हणता, 'सांग, पण आधी गाडीची हवा तपासलीस का?' मग हवेवरून टायर, टायरवरून रस्ता, आणि माझं राहूनच जातं. आता तुम्हाला बोलता येणार नाही, म्हणून सांगते. मी शाळा घेणार नाही."

गाडी जागच्या जागी थांबली. मागून तीन-चार हॉर्न एकदम वाजले.

"ब्रेकवरचा पाय काढा बाबा. मागे माणसं आहेत."

मास्तरांनी पाय काढला. मग त्यांनी खिशातली हजेरीची छोटी वही काढली आणि पेन्सिल चाचपली. या खिशात नाही, त्या खिशात नाही.

"पेन्सिल मी सकाळीच काढून घेतली," लेक म्हणाली. "आईने सांगितलं होतं."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी बोटाने डॅशबोर्डवरच्या धुळीत 'आई' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"हो, आईला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनाही. आजची वेळ त्यांनीच ठरवून दिली."

आता मास्तरांना राग आला. आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते जास्त झोंबलं. घरातल्या माणसांना आपल्याशी बोलायला आपलं तोंड कापसाने बंद व्हायची वाट बघावी लागते. बायकोने, पोरीने, परक्या बाईनेसुद्धा मिळून ही एवढी एकच वेळ शोधून काढली. त्यांना सुजलेल्या गालापेक्षा त्याचीच लाज वाटली. ते खिडकीबाहेर बघू लागले.

"मला नोकरी लागलीय," लेक सांगत होती. "बंदरावर. जहाजातून मोठाल्या पेट्या उतरवतात ना, त्या क्रेनवर. आधी अकरा महिने तिथेच शिकायचं, मग कायम. इथून गाडीने दीड दिवस लागतो. गेल्या महिन्यात मी मैत्रिणीकडे राहायला गेले होते ना, तेव्हा परीक्षेला गेले होते. खोटं बोलले, त्याबद्दल तुम्ही नंतर रागवा. आज पाचच्या आत त्यांना हो की नाही ते कळवायचंय."

मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला, पण दाबला गेला नाही.

"एक्केचाळीस जण होतो. मुलगी मी एकटीच. काय परीक्षा घेतली माहितीये? क्रेनच्या हुकाला पाण्याने काठोकाठ भरलेली बादली लावली. ती उचलायची, खांबांमधून फिरवून न्यायची आणि आखलेल्या चौकोनात ठेवायची. कोणाची अर्धी सांडली, कोणाची सगळीच. एकजण तर खालच्या साहेबावरच ओतून आला." लेक हसली. "मी लिव्हर धरला आणि मला तुमचंच ऐकू यायला लागलं. घाई नको. आधी सुटू दे, मग ओढ. चिडू नकोस, गाडीला कळतं. बाबा, माझ्या बादलीतलं पाणी हललंसुद्धा नाही म्हणा ना. ओंजळभर सांडलं असेल. मी दुसरी आले."

मास्तर आता खिडकीबाहेर बघत नव्हते. त्यांनी भुवया उंचावून एक बोट वर केलं.

"पहिला आला तो आधी चार वर्षं क्रेनवरच होता," लेक म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली. मग हे चालायचं. अभिमानाने त्यांची छाती भरून आली होती आणि त्याच वेळी तिची काळजीही वाटू लागली होती. दोन्ही एकदम झाल्यावर माणसाने काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी लेकीच्या खांद्यावर टकटक केली, आपल्या पायाखालच्या ब्रेककडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट वर आभाळाकडे नेलं.

तिला ते लगेच समजलं. "नाही बाबा. तिथे शेजारी कुणी नसतं. केबिन एकट्याचीच असते. बारा-तेरा मजले उंचावर."

मास्तरांनी बोट खाली घेतलं. मास्तरांनी आयुष्यात शिकवलं ते सगळं शेजारी बसून, पायाखाली दुसरा ब्रेक ठेवून. हीसुद्धा सायकल शिकली तेव्हा कॅरिअर त्यांच्याच मुठीत होतं.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही," लेक म्हणाली. "हे मी आईलाही सांगितलंय. शाळा तुम्ही हाताने उभी केलीत, ते मला कळतं. पण न ऐकताच नाही म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं होतं."

चढावरचा सिग्नल आला. हा चढ मास्तरांच्या खास मर्जीतला. इथे भल्याभल्यांच्या गाड्या मागे घरंगळत, इथेच डॉक्टरीणबाई एकदा रडल्या होत्या. मागे एक ट्रक अगदी खेटून उभा राहिला. बोळ्याच्या मागे मास्तरांची जीभ आपोआप शब्द जुळवू लागली. हँडब्रेक ओढ. तिने आधीच ओढला होता. आरसा बघ. ती बघत होती. क्लच अर्धा सोड, आवाज बदलेपर्यंत थांब. आवाज बदलला, दिवा हिरवा झाला आणि गाडी एक इंचही मागे न जाता वर निघाली. मास्तरांनी शोधून पाहिलं. सांगायला काही उरलंच नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांचं खाली लक्ष गेलं. आपले दोन्ही पाय पेडलपासून लांब, सीटजवळ आहेत. ते कधी काढले ते त्यांना आठवेना.

घरी बायको दार उघडूनच उभी होती. तिने आधी लेकीचा चेहरा पाहिला, मग नवऱ्याचा सुजलेला गाल. "अहो, फार दुखतंय का?" तिने विचारलं. मास्तरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि बर्फ कापडात बांधून घेऊन आली. तिघंही टेबलाभोवती बसली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला चौदा मिनिटं होती. लेकीने फोन टेबलावर ठेवला. बायको बर्फाची पुरचुंडी त्यांच्या गालाला लावून धरत होती आणि दर मिनिटाला घड्याळाकडे बघत होती. तेवढ्यात मास्तरांच्या मनात एकदा येऊन गेलं, की हा बोळा असाच पाच वाजेपर्यंत धरून बसलो तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, तासभर चालेल. नाही म्हणावंही लागणार नाही आणि पोरगी घरात राहील.

पाचला दहा कमी असताना त्यांनी बोळा काढला आणि कागदात गुंडाळून ठेवला.

आता पट्टा सुरू होणार म्हणून दोघी श्वास रोखून बसल्या. सहा वर्षांचं दाढेचं, बारा दिवसांचं लपवाछपवीचं आणि पाऊण तासाचं गप्प बसण्याचं असं सगळं एकदमच बाहेर येणार होतं.

"वर," मास्तर म्हणाले. जीभ जड होती, शब्द घसरत होते. "वर चढायला काय आहे? लिफ्ट का शिडी?"

लेकीला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "निम्म्यापर्यंत लिफ्ट आहे. पुढे शिडी. लोखंडी."

"लोखंडी शिडी सकाळी ओली असते," मास्तर म्हणाले. "बूट चांगले घे. तळवा रबराचा. स्वस्तातले नको." ते थांबले, तोंडात साचलेलं गिळलं. "एका हाताने शिडी कधी धरायची नाही. डबा पाठीवरच्या पिशवीत टाकायचा. कितीही ओळखीची झाली तरी."

"हो बाबा."

"लाव फोन. पाच वाजतील."

ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. बंद दारातून तिचा आवाज येत होता. आधी नाव सांगितलं, मग "हो" म्हणाली, मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "हो, येतेय." मास्तर ताठ बसून ऐकत होते. एवढा वेळ गप्प बसून ऐकायची त्यांना आता थोडी सवय झाली होती.

"बोर्डाचं काय करायचं?" बायकोने हळूच विचारलं.

"जुनाच बरा आहे," मास्तर म्हणाले.

बधिर ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळून हनुवटीवर आली होती. बायकोने नॅपकिनने ती टिपली, तर मास्तरांना त्याचा पत्ताही लागला नाही. मग तिने नॅपकिनचं दुसरं, कोरडं टोक घेतलं आणि त्यांचे डोळे पुसले. ते मात्र त्यांना कळलं, आणि त्यांनी मान जरा तिच्याकडे वळवली, म्हणजे तिला फार वाकावं लागू नये.