घरी घेतलेली ट्रायल

दुकानात स्पीकरचा कुठलाही डबा चांगलाच वाजतो, असं अशफाकभाईंचं ठाम मत होतं. त्यामुळे गिटार आणि गळा दोन्हींसाठी कोणी स्पीकर मागितला, की ते पैशाचं बोलणंच काढत नसत. आधी घर पाहू, म्हणत. त्या दिवशीही ते वाशीमहून मालेगावला ऑटोत दोन डबे घालून आले आणि निकिताच्या घरी बैठकीच्या मधोमध उभे राहून त्यांनी एक खणखणीत टाळी वाजवली. मग मान वाकडी करून कान दिला.

"घुमते," ते म्हणाले. "खाली फरशी, वर स्लॅब, पडदा एक नाई. ताई, इथं मोठा डबा ठेवला तं तुमचं गाणं साऱ्या गल्लीले ऐकू येईन, फक्त घरातल्यायलेच समजणार नाई."

निकिता हसली. कोपऱ्यात ताट घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या कस्तुराआत्याही हसल्या. वर्षभरात या बैठकीत दोघींनी मिळून हसण्याचे प्रसंग मोजकेच आले होते.

रविवारी निकिताच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. जगदेव सर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, पण गावात त्यांची ओळख होती ती गिटारमुळे. तरुणपणी दोन वर्षं त्यांनी अकोल्याच्या ऑर्केस्ट्रात काढली होती. ती दोन वर्षं ते जन्मभर पुरवून पुरवून सांगत राहिले. आई गेली तेव्हा निकिता पुण्यात एका प्रकाशनाकडे नोकरीला होती. महिनाभराची रजा घेऊन ती आली आणि संध्याकाळी बाबांच्या गिटारवर काहीबाही गुणगुणू लागली. परत जायची पिशवी भरली, तेव्हा बाबा म्हणाले, "पुस्तकाच्या चुका काढणारे ढीगभर भेटतात, निकू. गळा एखाद्यालेच भेटते. तो तू तिथं एसटी स्टँडवर अन् मेसमधी वाया घालवू नको."

तिनं नोकरी सोडली. पाच वर्षं रोज संध्याकाळी बाबा वाजवत आणि ती गात असे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीत, कोणाच्या बारशाला. लोक टाळ्या वाजवत आणि बाबा शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणत, "पाह्यलं?" ते गेल्यावर तिनं हट्टानं गिटारही हातात घेतली. बोटांना घट्टे पडले, पण जमली. रविवारी भजनी मंडळ नको, मीच बाबांची गाणी म्हणते, असं तिनं सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं होतं. नुसत्या गळ्यानं आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नव्हता, म्हणून डबा हवा होता. आणि रविवारनंतरही ती गाणारच होती. बाबांनी तिच्यासाठी दुसरं काही मागे ठेवलं आहे, असं तिला वाटत नव्हतं.

पहिला डबा पार्टीचा निघाला. लाल-निळे दिवे लागले, तारेला बोट लावलं की पोटात धप्प व्हायचं.

"हा वरातीसाठी बरा," आत्या म्हणाल्या. "आपल्या घरी नवरदेव कुठं हाय?"

दुसरा लहान होता, लाकडी. त्याला दोन वेगळ्या जागा होत्या, एक गिटारची आणि एक माइकची. दोन्हींचा आवाज वेगवेगळा लहानमोठा करता येत होता. जुन्या गिटारला अशफाकभाईंनी आतून तारांचा आवाज पकडणारा एक चपटा तुकडा चिकटवला आणि वायर जोडली. निकितानं छेडलं. लाकडाचा, तारेचा, बोट सरकल्याचा, सगळा आवाज जसा होता तसाच, फक्त मोठा होऊन आला.

"हाच," ती म्हणाली.

"थांबा ताई, घाई नका करू. वाजवणाऱ्याले स्वतःचं कधीच समजत नाई. मी दारातून रेकॉर्डिंग करतो अन् मंग ऐकवतो. सगळ्या गिऱ्हाइकायचं करतो मी, नाव टाकून ठेवतो." बोलता बोलता ते मोबाइलवर बोट फिरवत होते, ते थांबले. "अरे, याच बैठकीचं हाय माह्याकडं. दीड वर्स झालं. सरांनी बलावलं होतं याच डब्याच्या ट्रायलले. तुमी नागपूरले गेल्या होत्या वाटते. मंग त्यायची तब्येत बिघडली अन् राहूनच गेलं."

निकिताला हे माहीत नव्हतं. बाबांना आपल्यासाठी डबा घ्यायचा होता, हे ऐकून तिला आतून भरून आलं.

"ऐका, सरांचा हात ऐका. तवर मी स्टँड घेऊन येतो," म्हणून मोबाइल तिच्या हातात देऊन ते ऑटोकडे गेले.

गिटार सुरू झाली. बाबांचाच हात, प्रत्येक फेरीला शेवटच्या ठोक्याआधी किंचित रेंगाळणारा. निकितानं डोळे मिटले. वाजवणं संपलं. खुर्ची सरकली. रेकॉर्डिंग मात्र चालूच होतं.

"ताईचा आवाज कसा हाय सर? त्या हिशोबानं सेटिंग करू." हा अशफाकभाईंचा आवाज.

"साधा हाय." हे बाबा. "चारचौघींसारखा. वर गेली की घसरते."

"काय बोलता! तुमी तं सगळीकडं सांगता..."

"सांगा लागते बाप्पा. नाई सांगतलं तं पुण्याले जाईन ना ते पोट्टी. मंग मी इथं भिताडाशी बोलू काय?" मग बाबा हसले. ते त्यांचं नेहमीचं, खोकल्यात संपणारं हसू होतं. "मले असा डबा दे, का गिटार वर राहीन अन् तिचा आवाज मधात दबून जाईन. ऐकणाऱ्याले समजलं नाई पाहिजे. तिलेबी समजलं नाई पाहिजे."

रेकॉर्डिंग संपलं.

निकितानं आत्यांकडे पाहिलं. आत्यांची बोटं तांदळात तशीच चालत होती. ऐकलं नसेल म्हणावं, तर त्या चार हातांवर बसलेल्या. दचकल्या नव्हत्या, एवढंच.

"आत्या, तुले माहीत होतं?"

आत्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "आता तो गेला माय. जाऊ दे."

"तुले माहीत होतं का, एवढंच सांग."

"सगळ्यायलेच माहीत होतं," आत्या म्हणाल्या. "कान तं हायेत ना लोकायले. पण कोनी वाईट मनात धरलं नाई. मास्तर एकटा पडला, पोरगी जवळ हाय, दोन गाणे म्हणते, म्हणू दे. त्यात कोनाचं काय जाते?"

"माह्यं गेलं ना."

"अव, तो सरळ म्हणला असता, का राहा माह्याजवळ, मले करमत नाई, तं तू राह्यली असती?"

निकिताला खोटं उत्तर द्यायचं नव्हतं. पुण्यातली खिडकीजवळची टेबलखुर्ची, पहिल्या पानावर बारीक अक्षरात कधीतरी छापून येणार होतं ते स्वतःचं नाव, रविवारची फुटपाथवरची जुनी पुस्तकं, सगळं तिनं एकदा डोळ्यांसमोरून जाऊ दिलं.

"राह्यली असती," ती म्हणाली. "चिडली असती, रडली असती, पण राह्यली असती. बाबांनी इचारलंच नाई मले."

अशफाकभाई स्टँड खांद्यावर घेऊन दारात आले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून तिथेच थांबले. मग मोबाइलकडे पाहिलं. "ताई... ते पुढचंबी वाजलं काय? मी विसरूनच गेलो होतो. अल्ला कसम."

"गिटार बंद करा," निकिता म्हणाली. "नुसता माइक लावा. अन् दारातून रेकॉर्ड करा."

"गिटारबिगर?"

"हो."

तिनं एक कडवं म्हटलं. मोबाइल हातात घेऊन तेच कडवं ऐकलं. आवाज वाईट नव्हता. स्वच्छ होता, साधा होता, आणि वरच्या ओळीवर चढताना हळूच खाली सुटत होता. बरोबर याच ओळीवर बाबा सहाही तारा एकदम जोरात छेडायचे. तिला वाटायचं, त्यांना भरून येतं.

"थोडा एको लावू काय?" अशफाकभाई हळू आवाजात म्हणाले. "एको लावला तं कोनाचाबी..."

"नको. डबा हाच ठेवा. गिटार लावा त्याले, मी वाजवते. माइक आत्याले द्या. रविवारी गाणं आत्या म्हणीन."

"मले?" आत्यांनी ताट खाली ठेवलं. "मले कुठं येते व गाणं!"

"मलेबी येत नव्हतं, आत्या."

अशफाकभाईंनी माइकचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली, पुन्हा सोडवली. मग मोबाइल उघडून म्हणाले, "हे जुनं डिलीट करतो मी. तुमच्यासमोरच करतो."

"नका करू," निकिता म्हणाली. "मले पाठवा."

"कायले ताई? कायले ठेवता असं?"

"माह्याकडच्या सगळ्या रेकॉर्डिंगमधी मीच गाते. बाबा नुसते वाजवतात. त्यायचं बोलणं एकातबी नाई."

अशफाकभाईंनी ते रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं. "मंग बाकीचं बोलणं कापून, नुसतं हसणं पाठवू काय? तेवढं जमते मले."

"पूर्ण पाठवा," ती म्हणाली.