माझ्यात वाहिलेला सांडवा

मित्रांनो, गोंदियातल्या एका तंत्रनिकेतनाच्या बंद प्रयोगशाळेत, खिडकीखाली, काचेच्या भिंतींची एक लांब पन्हळ धूळ खात पडली आहे. ती जुनी पन्हळ मीच. कारागिरांनी माझा सांगाडा जोडला, काचा बसवल्या, सांध्यांत रबर भरले. पंप सुरू होऊन अंगातून पहिल्यांदा पाणी धावले, तेव्हा मी कशासाठी आहे ते मला कळले.

पुष्पांजली मॅडम माझ्या आधाराने फ्रूड अंक शिकवत. पाण्याच्या वेगाला पाण्यावर उठणाऱ्या लाटेच्या वेगाने भागायचे. येतो तो हा अंक. वेगाला वेगाने भागल्यामुळे त्याला ना मीटर, ना सेकंद. हा अंक जुळला, की मोठ्या सांडव्याचे पाणी आणि त्याच्या छोट्या नमुन्यातले पाणी सारखेच उसळते.

एका उन्हाळ्यात मॅडमचे वडील सुकरामजी आले. केशोरीकडच्या त्यांच्या गावात पूर्वजांनी बांधलेला तलाव होता. त्याचे जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा नव्याने बांधायचा होता. पायथ्याच्या फरशीची लांबी सुकरामजींनीच ठरवली होती, आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, वस्ती होती. मॅडमनी पंचवीस पट लहान सांडवा माझ्यात बसवला, फरशीपुढे वाळू पसरली आणि पाणी सोडले. ते फरशीवरच उसळून शांत झाले. वाळू हलली नाही. सुकरामजी समाधानाने उठले.

"थांबा बाबा. अंक जुळला नाही. पाणी हळू चालून राहिलं," मॅडम म्हणाल्या.

"एवढ्याशा पाण्यात गावाचं काय दिसन तुले?"

"नमुना पंचवीस पट लहान, तर वेग पाचवा हिस्सा पाहिजे. तेवढा झाला का हे आपल्या तलावाचंच पाणी समजा."

त्यांनी पंपाची चावी आणखी उघडली. आता पाणी फरशी ओलांडून पुढे उसळले. वाळूत खड्डा पडला, तो फरशीखाली शिरला आणि फरशी कलंडली. सुकरामजींनी माझ्या काचेवर वीत लावून खड्डा कुठवर गेला ते मोजले.

"फरशी लांबवू," ते म्हणाले. "गावाले मीच सांगतो, माझं चुकलं होतं."

पुढच्या पावसाळ्यात लांब फरशीचा नवा सांडवा दुथडी भरून वाहिला. पाळ टिकली, वस्ती कोरडी राहिली. गावची माणसे मुद्दाम मला पाहायला आली.

मग मॅडम निवृत्त झाल्या. शिकवायला संगणक आले; पडद्यावरचे पाणी देखणे असते आणि कोणाचे कपडे भिजवत नाही. माझ्या खोलीला कुलूप लागले. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

मागच्या वर्षी मॅडमनी खोली उघडून घेतली आणि माझ्यात बादलीभर पाणी ओतले. सांध्यांतून ते सारे जमिनीवर गळून गेले. "सुकून गेली माय," एवढेच त्या म्हणाल्या आणि जमीन पुसू लागल्या.

मित्रांनो, पाण्यासाठी घडवलेली वस्तू कोरडी ठेवली की तडकते. माझी काच पुसायला वेळ नसेल तर राहू द्या. सांध्यांत नवे रबर भरा, अधूनमधून पंप चालवा आणि माझ्याजवळ थोडा वेळ उभे राहा. त्या दिवशी मॅडम घरी परतल्यावर जमिनीवरची ओल लवकरच वाळली. त्यानंतर दार उघडलेले नाही.