पाणी पाजलेल्या कुंड्या

मी एक जुना पिकअप टेम्पो आहे, आणि तोही लहान इंजिनाचा. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मोठमोठ्या पराक्रमांची आशा धरून तुम्ही बसायला नको. माझ्या हौद्यातून आजवर सर्वांत जास्त प्रवास केला तो मोगरा, तुळस, अबोली आणि जास्वंदीने. तरी मी सुखी आहे, आणि ते दोन माणसांमुळे.

कारखान्यातून निघून मी ठाण्याच्या एका शोरूममध्ये उभा राहिलो, तेव्हा शेजारी माझा थोरला भाऊ होता. रंग तोच, हौदा तेवढाच, दिवेसुद्धा तसेच. फक्त त्याच्या पोटातलं इंजिन मोठं. येणारा प्रत्येक जण त्याच्याच बॉनेटवर हात ठेवायचा. घोडबंदर रोडला रोपांची नर्सरी चालवणारे सहदेवकाका आले, तेही त्याच्याकडेच वळले. आपल्या वाटेत गायमुखचा चढ आहे, गाडीत दम हवा, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, झालं, आपण इथेच धूळ खात पडणार. पण सोबत त्यांच्या पत्नी मालनकाकू होत्या. त्यांनी आम्हा दोघांना आळीपाळीने सुरू करायला लावलं, कोण किती डिझेल पितो ते विचारून घेतलं आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, रोज काय न्यायचंय आपल्याला? झाडंच ना?"

काकांनी थोडा वेळ डोकं खाजवलं, आणि हार माझ्या गळ्यात पडला. काकूंच्या त्या एका प्रश्नाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

मग कामाची वर्षं सुरू झाली. वर्तकनगरच्या गॅलऱ्यांसाठी गुलाब, डोंबिवलीच्या सोसायट्यांसाठी शोभेची झाडं, कल्याणच्या एका शाळेसाठी कडुनिंबाची रोपं. नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीतून झेंडूच्या कुंड्या नेताना तर लोक वळून वळून बघायचे. अर्थात ते झेंडू बघायचे, पण मी ते कौतुक आपलंच समजून घ्यायचो.

सहदेवकाकांची एक सवय होती. कुंड्या माझ्यात रचून झाल्या की ते पाइप धरून सगळ्यांना पोटभर पाणी पाजायचे. लेकरांना तहानलेलं प्रवासाला कोण पाठवतं, असं ते म्हणायचे. त्यांची ही माया मला फार आवडायची. ओझं बेताचं असायचं, त्यामुळे मी कधी तक्रार केली नाही.

गेल्या वर्षी गायमुखच्या पलीकडच्या एका नव्या सोसायटीची मोठी ऑर्डर आली. काकांनी ठरवलं, एकाच फेरीत उरकायचं. कोरड्या मातीच्या कुंड्या त्यांनी अंदाजाने रचल्या, थरावर थर लावले. माझ्या स्प्रिंगचे पाटे वाकले, तरी तेवढं मी पेललं असतं. मग नेहमीप्रमाणे पाइप आला. माती पाणी पीत गेली आणि मी खाली दबत गेलो. काकांच्या ते ध्यानातही आलं नाही.

गायमुखच्या अर्ध्या चढावर माझा क्लच जळाला. मागे वाहनांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. दुसरी गाडी येईपर्यंत, पाणी पिऊनही, भर उन्हात निम्मी रोपं माना टाकून बसली. सोसायटीने ती परत पाठवली. काकांनी माझ्या बॉनेटवर जोरात हात आपटला. "इंजिनच लहान. हे होणारच होतं," ते म्हणाले. मित्रांनो, क्लच जळाला त्याहून ते बोलणं मला जास्त लागलं.

ओळखीच्या पंढरी मेकॅनिकने क्लच बदलला आणि मी ठणठणीत असल्याचं सांगितलं. पण काकांचं ठरलं होतं. रविवारी मला देऊन मोठ्या इंजिनाची गाडी आणायची. मी नर्सरीच्या कोपऱ्यात उभा राहून दिवस मोजत होतो. कुठे जाणार, कोण घेणार, काही ठाऊक नव्हतं. मला भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी मालनकाकू दोन कुंड्या घेऊन आल्या. माप एकच, माती एकाच ढिगातली. एकीत नुकतंच पाणी घातलेलं होतं. "हे धरा," असं म्हणून त्यांनी दोन्ही कुंड्या काकांच्या दोन हातांत दिल्या. काकांचा उजवा हात लगेच खाली गेला.

"अशा किती होत्या त्या दिवशी? आणि गाडी भरल्यावर पाणी कोणी घातलं?" काकूंनी विचारलं.

काकांनी कुंड्या खाली ठेवल्या, फोन करून रविवारचा सौदा मोडला आणि माझ्याजवळ आले. "चूक माझी होती रे," ते हळूच म्हणाले. आजवर कुणी माझी माफी मागितली नव्हती. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

त्यानंतर त्याच सोसायटीने मोठं वाढलेलं चाफ्याचं झाड मागवलं. या वेळी काकांनी त्या झाडासाठी एक मोठा ट्रक भाड्याने घेतला. त्याला वाट ठाऊक नव्हती, म्हणून पुढे मी निघालो, हौद्यात तुळशीची रोपं घेऊन. गायमुखचा चढ मी आरामात चढलो, आणि तो धिप्पाड ट्रक माझ्यामागून मुकाट्याने आला.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, दप्तर असेल, राबणारं माणूस असेल. ते कधी थकून थांबलं तर त्याला कमजोर म्हणण्याआधी एकदा त्याच्यावरचं ओझं आपल्या हातात धरून बघा. ते ओझं आपणच प्रेमाने घातलेलं असेल, तरी बघा.

आता आमच्याकडे झाडं मुक्कामी पोचल्यावरच पाणी पितात. सहदेवकाका बादली भरतात, आणि पहिला तांब्या झाडांना नाही, माझ्या धुळीने भरलेल्या काचेवर ओततात.