कडू इंद्रजव

मंतशाला मिरवायची हौस भारी. एम.एस्सी.च्या वर्गात कुड्याच्या कुळावर प्रयोग ठरला, तेव्हा कुणी सदाफुली आणली, कुणी कण्हेर. सगळी एकाच कुळातली भावंडं, औषधी नि विषारीसुद्धा. मंतशाने कडू इंद्रजव आणलं. कुड्याच्या शेंगेतलं हे बी पूर्वापार जुलाबावर देतात. अब्बांच्या, म्हणजे कमरोद्दीन अत्तारांच्या जडीबुटीच्या दुकानातलं, डोळे झाकून घ्यावं असं.

काचेच्या पट्टीवर द्रावण फवारलं की कडू बियांतलं कोनेसीन नारिंगी ठिपका दाखवतं. वर्गातल्या बद्रीनाथने गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या बियांचा ठिपका ठसठशीत उमटला. मंतशाची जागा कोरीच राहिली.

"हे गोड इंद्रजव," मॅडम म्हणाल्या. "दिसायला जुळं, पण ते औषध यात नाही. कुठून आणलंस?"

अब्बांचं नाव ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं.

"छावणीतल्या कुठल्यातरी दुकानातून, मॅडम."

वर्ग हसला. तीही हसली, आणि हसता हसता तिला स्वतःचीच किळस आली.

लाजेचा राग व्हायला रिक्षात बसण्याएवढाच वेळ लागतो. ती अब्बांच्या दुकानात शिरली तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाईक केसरबाई उभ्या होत्या.

"चाचा, तुमच्या इंद्रजवानं काय गुण नाय आला बघा. नातीचं पोट थांबंना."

अब्बांचा हात पुन्हा त्याच बरणीकडे गेला.

"नका देऊ, अब्बा! मावशी, पोरीला दवाखान्यात न्या. आत्ताच."

केसरबाई पुटपुटत निघून गेल्या. अब्बा तांबडेलाल झाले.

"गिऱ्हाईकासमोर हे काय, मंतशा?"

"हे गोड आहे, अब्बा. तुम्ही लोकांना फसवताय!"

"मीठा? कडवा जहर है, जहर!" त्यांनी चिमूटभर बी तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. माल आला की प्रत्येक पोत्यातलं एक बी चावून बघायचं, ही त्यांची रीत. पाटीवर नाही, जिभेवर भरवसा.

मंतशाने त्याच बरणीतलं बी चावलं. कडूपणाचा मागमूस नव्हता. तिने पिशवीतून बद्रीनाथकडून मागून आणलेलं बी काढलं, बरणीतलं दुसरं घेतलं आणि दोन्ही त्यांच्या तळहातावर ठेवली.

"सांगा, यातलं कडू कोणतं?"

अब्बांनी एक चावलं. मग दुसरं. बराच वेळ चावत राहिले आणि रस्त्याकडे बघू लागले.

"कोरोनात गेली ती चव परत आलीच नाय, बेटा. चाय बी गरम पानी लगती."

ईदच्या शीरखुर्म्यात तिने चुकून मीठ घातलं होतं. अब्बांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली होती. तिला वाटलं होतं, लाडाने. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अब्बांनी बरणी उतरवली आणि पायाशी ठेवली. "केसरबाईच्या घरी जाऊन येतो. पोरीला काय झालं तर अल्लाला काय तोंड दाखवू?" चपला घालता घालता ते थांबले. आवाज पार खाली गेला.

"कॉलेजात माझं नाव नको काढू, बेटा. अत्ताराची जीभच मेली म्हणतील. म्हण, छावणीतल्या कुठल्यातरी दुकानातलं होतं."

मंतशाला मान वर करता येईना.

"तसंच सांगितलंय, अब्बा."

"शाबास," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून बाहेर पडले.